जे कोर्टाची पायरी चढले

१९६२ च्या नोव्हेंबरात, चीन-युद्धाच्या धामधुमीत, देशभर साम्यवादी कार्यकर्त्यांची धरपकड झाली. महाराष्ट्र सरकारने भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलेल्यांत प्रभाकर पांडुरंग संझगिरी होते. मुंबईच्या तुरुंगात बसून त्यांनी सरकारच्याच परवानगीने एक पुस्तक लिहिले. ते राजकारणावर नव्हते, अणूवर होते. ‘अणूच्या अंतरंगात’ हे त्याचे नाव. मूलकण म्हणजे काय, पुंजवाद काय सांगतो, हे सामान्य मराठी वाचकाला कळावे एवढाच त्याचा हेतू. हस्तलिखित बाहेर पाठवून छापून घेण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि सरकारने ती नाकारली. स्थानबद्धाला कोणत्या सवलती मिळतील हे नियमांत लिहिलेले आहे, पुस्तक छापणे त्यांत कुठेही नाही, म्हणून तो हक्कच नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये तिथेही हरले. न्यायालयाने सांगितले ते असे: माणूस कोठडीत गेला म्हणून त्याचे सगळे हक्क बाहेर राहत नाहीत. कायद्याने जेवढे काढून घेतले तेवढेच गेले, बाकीचे त्याच्यापाशी आहेत आणि अधिकाऱ्याला आपल्या मर्जीने त्यांत आणखी काटछाट करता येत नाही.

नागरी स्वातंत्र्याच्या गाजलेल्या खटल्यांच्या यादीत हा खटला क्वचितच सापडतो. पण या लेखसंग्रहाचा विषय काय, असे कोणी विचारले तर मी आधी हाच खटला सांगतो. नियमांची यादी कोणाच्या बाजूने वाचायची, हा यातला खरा प्रश्न. लिहिलेले नाही ते सगळे निषिद्ध, की निषिद्ध म्हणून लिहिलेले नाही ते सगळे मोकळे? राज्यघटना अमलात आल्यापासून आपली न्यायालये वेगवेगळ्या रूपांत याच प्रश्नाशी झटत आली आहेत. त्यांचे उत्तर दर वेळी एकसारखे आलेले नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य यांचा हिशेब केला तर त्यात तथ्यही आहे. तरीही काही माणसे ती पायरी चढली. विद्यार्थी, विधवा, संपादक, पुस्तकविक्रेता, मठाधिपती, फुटपाथवर राहणारी कुटुंबे, तुरुंगातले कैदी. त्यांतले पुष्कळ हरले. या संग्रहातले लेख वाचताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, ती इथे उघडपणे मांडतो. आपल्या स्वातंत्र्याचा इतिहास जिंकलेल्या खटल्यांइतकाच हरलेल्या खटल्यांनी घडवला आहे आणि निकालाच्या दिवशी कोणताही खटला संपलेला नाही. निकालपत्र हा मधला टप्पा. त्याआधी कोणी काय सोसले आणि त्यानंतर लोकांनी, विधिमंडळाने, पोलिसांनी त्या निकालाचे काय केले, हे कळल्याशिवाय खटला कळत नाही.

या इतिहासाची सुरुवात घटनेच्या पुष्कळ आधी होते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदायला नकार दिला. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि १८८७ मध्ये आदेश झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन पण तिथे जाणार नाही, असे रखमाबाईंनी कळवले. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. कायद्याच्या भाषेत त्या हरल्या होत्या. पण त्या खटल्याने उठलेल्या वादळातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या. त्या वादात टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध बाजूला होता, हे विसरून चालणार नाही. त्याच टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले. पहिल्यात दीड वर्षाची शिक्षा, दुसऱ्यात न्या. दावर यांनी दिलेली सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि मंडालेला रवानगी. १९१६ मध्ये तिसऱ्यांदा बडगा उगारला गेला तेव्हा मात्र बॅरिस्टर जीनांनी बाजू मांडली आणि उच्च न्यायालयाने टिळकांविरुद्धचा आदेश रद्द केला. ज्याला स्वतःच्या लेखणीचे स्वातंत्र्य हवे, त्याला शेजारच्या स्त्रीचे स्वातंत्र्य दिसेलच असे नाही. ही दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून वाचली पाहिजेत, म्हणून या पुस्तकात ती शेजारीच ठेवली आहेत.

महाडच्या खटल्याकडे जरा थांबून पाहावे लागेल. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले, हे महाराष्ट्रातले शाळकरी मूलही सांगते. पुढचा भाग मात्र थोड्यांना ठाऊक असतो. तळे ‘शुद्ध’ करून घेतल्यावर गावातल्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला आणि डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे जमलेली, पाणी हाकेच्या अंतरावर. बाबासाहेबांनी पाण्याला हात न लावण्याचा निर्णय घेतला आणि तळ्याभोवती मिरवणूक काढली. त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. म्हणजे धर्मग्रंथाचा हुकूम आगीत गेला आणि कोर्टाचा हुकूम पाळला गेला. ही निवड विचारपूर्वक होती. लढाई दिवाणी न्यायालयात, साक्षी-पुराव्यांनिशी, जवळजवळ दहा वर्षे चालली. तळे आपल्या मालकीचे आहे, निदान अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची अनादिकाळापासूनची वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे. तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. निकाल देणारे न्या. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश.

या निकालात समतेच्या घोषणा नाहीत. समतेचा हक्क तेव्हा कायद्यात नव्हताच. मालकी, वहिवाट, पुराव्याचा भार अशा रुक्ष दिवाणी मुद्द्यांवर तो उभा आहे. उच्च न्यायालयाने अस्पृश्यता चुकीची ठरवली नाही, फक्त वादींना त्यांचा दावा सिद्ध करता आला नाही एवढेच म्हटले. घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता थेट नष्ट केली, त्याचे महत्त्व हा निकाल वाचल्यावर नीट समजते. वहिवाट आणखी थोडी जुनी असल्याचे सिद्ध झाले असते तर काय, ही शंका आंबेडकरांसारख्या वकिलाच्या मनात आली नसेल असे मला वाटत नाही.

घटना आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच तिची कसोटी लागली. केरळचे साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेला आव्हान दिले. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने मान्य केले की विधिमंडळाने कायदा केला आणि त्याप्रमाणे पकडले, की २१ व्या अनुच्छेदाची पूर्तता झाली. तो कायदा न्याय्य आहे का, हे कोर्टाने पाहायचे नाही. न्या. फझल अली यांनी एकट्याने वेगळे मत लिहिले. त्याच महिन्यात मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी न्यायालयाने रद्द केली, ‘ऑर्गनायझर’वरचे पूर्वपरीक्षणही उठवले. एक पत्र डाव्यांचे, दुसरे उजव्यांचे. यावर सरकारचे उत्तर वर्षभरात आले: १९५१ ची पहिली घटनादुरुस्ती. तिने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणे वाढवली, मात्र ते निर्बंध ‘वाजवी’ असावेत ही अटही घातली. त्याच दुरुस्तीने, मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात जातवार जागावाटप रद्द झाल्यामुळे, मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग खुला केला. न्यायालय आणि संसद यांच्यातला हा संवाद, कधी भांडण, त्यानंतर थांबलेला नाही.

मराठी वाचकाने अभिमानाने वाचावा असा खटला पुण्याच्या ‘सकाळ’चा. वृत्तपत्राची किंमत आणि पाने यांचे प्रमाण सरकारने ठरवून द्यायचे, असा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. हेतू चांगला सांगितला गेला, मोठ्या भांडवलाच्या पत्रांपासून छोट्यांचे रक्षण. प्रत्यक्षात संपादकापुढे दोनच वाटा उरत. पाने कमी करायची, म्हणजे मजकूर कमी. किंवा तेवढीच पाने ठेवून किंमत वाढवायची, म्हणजे वाचक कमी. नानासाहेब परुळेकरांचे ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले, सोबत वाचकही अर्जदार झाले. न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या १९६१ च्या निकालात स्पष्ट म्हटले आहे की किती लोकांपर्यंत पोहोचायचे हाही बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. व्यापारावर लोकहितासाठी बंधने घालता येतात, पण व्यापाराचे नियमन करतो असे म्हणत विचारांच्या प्रसाराला कात्री लावता येत नाही. जाहिरात, कागदाचा कोटा, आज इंटरनेट बंद करण्याचे आदेश, या सगळ्या वादांत हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा उपयोगी पडतो. त्यामानाने साहित्यातल्या अश्लीलतेच्या बाबतीत न्यायालये जास्त संकोची राहिली. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेसाठी उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयाने सोडले खरे. पण २०१५ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात प्रकाशक-मुद्रकाची सुटका करून कवीला मात्र खटल्याला सामोरे जायला सांगितले गेले. हा निकाल मला पटलेला नाही. ऐतिहासिक थोर पुरुषाच्या तोंडी कवी काय घालतो, यासाठी वेगळी, कडक मोजपट्टी लावणे घटनेच्या कोणत्या शब्दांत बसते, हे त्यातून मला उलगडत नाही.

१९६७ च्या गोलकनाथ निकालापासून १९७३ च्या केशवानंद भारतींपर्यंतचा प्रवास बहुतेकांनी ऐकलेला असतो. तेरा न्यायमूर्ती, ६८ दिवसांची सुनावणी, सात विरुद्ध सहा असे मत आणि घटनेची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही हा निष्कर्ष. मला त्यातली एकच गोष्ट नोंदवायची आहे. मठाधिपती केशवानंदांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवई, दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी, दोघेही घटनेचे निष्ठावान अभ्यासक. सीरवई तेव्हा मूलभूत चौकटीच्या विरोधात बोलले. आणीबाणी पाहिल्यानंतर त्यांनी आपले मत बदलले आणि आपल्या ग्रंथात तसे लिहिले. कायद्याच्या जगात असा प्रामाणिकपणा नेहमी दिसत नाही.

आणीबाणीतला जबलपूरचा खटला या पुस्तकाच्या मध्यभागी आहे आणि तो तिथेच असायला हवा. २५ जून १९७५ नंतर हजारो लोक ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात गेले. आम्हाला का पकडले, एवढे तरी कोर्टाने पाहावे, असे म्हणत ते उच्च न्यायालयांत गेले आणि देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी ते पाहण्याचा आपला अधिकार मान्य केला. उच्च न्यायालयांची ही हिंमत आपण पुरेशी आठवत नाही. मुंबईत ‘फ्रीडम फर्स्ट’ या मिनू मसानींच्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा १९७६ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारची स्तुती करणारा मजकूरच छापायचा असे सेन्सॉरला ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता. वकिलांच्या सभेला पोलिसांनी नाकारलेली परवानगीही याच न्यायालयाने बेकायदा ठरवली.

सर्वोच्च न्यायालयात मात्र वेगळे घडले. न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले: घटनेचा २१ वा अनुच्छेद जगण्याबद्दलही बोलतो, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी तुमच्या म्हणण्याप्रमाणे दाद मागता येणार नाही का? आणीबाणी आहे तोवर नाही, असे उत्तर आले. ते ऐकूनही २८ एप्रिल १९७६ रोजी सरन्यायाधीश राय, न्या. बेग, न्या. यशवंत चंद्रचूड आणि न्या. भगवती या चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. खन्ना एकटे राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही २० आणि २१ हे अनुच्छेद स्थगित करता येणार नाहीत अशी तरतूद केली. निकाल मात्र कायद्याच्या पुस्तकांत तसाच राहिला. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निर्णय देणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो अखेर रद्द ठरवला. त्या पीठातले प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते, म्हणजे १९७६ च्या बहुमतातल्या एका न्यायमूर्तींच्या मुलाचे. एका माणसाचे लिहून ठेवलेले भिन्न मत ४१ वर्षांनी कायदा झाले.

आणीबाणीनंतर न्यायालयाने जे केले ते काही जणांना प्रायश्चित्त वाटते. मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न देता जमा केल्याच्या प्रकरणात, जानेवारी १९७८ मध्ये, पद्धत नुसती कायद्याने ठरलेली असून भागणार नाही, ती न्याय्यही हवी, असे ठरले. गोपालनमधला फझल अलींचा एकाकी विचार बहुमतात आला. पाठोपाठ जनहित याचिका आली. वर्षानुवर्षे खटल्याविना बिहारच्या तुरुंगांत सडणाऱ्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न कपिला हिंगोरानी यांनी न्यायालयापुढे नेला. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावर १९८३ मध्ये महिला कैद्यांसाठी निर्देश निघाले. पत्रालाच याचिका मानण्याचा हा काळ.

पण या काळातला सर्वांत शिकवणारा खटला मला ओल्गा टेलिस यांचा वाटतो, कारण त्यात जिंकणे आणि हरणे एकाच निकालात आहे. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारे लोक न्यायालयात गेले. १९८५ च्या जुलैमध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला: उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे जगणेच काढून घेणे, म्हणून उपजीविकेचा हक्क २१ व्या अनुच्छेदात येतो. जगभरच्या घटनाभ्यासकांनी हे उद्धृत केले. आणि पुढे? फुटपाथ हे चालण्यासाठी आहेत, तिथे राहण्याचा हक्क नाही, महापालिका त्यांना हटवू शकते. पावसाळा संपेपर्यंत थांबा, १९७६ च्या झोपडी-गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्या, एवढी मुदत आणि एवढी सवलत. तत्त्व अर्जदारांना मिळाले आणि छप्पर गेले. तरीही पुढे अनेक वस्त्यांनी याच निकालातल्या नोटिशीच्या आणि सुनावणीच्या मुद्द्यावर बुलडोझर थांबवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही आणि पाडकामापूर्वी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल, असे न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले, त्या विचाराचे धागे इथवर मागे जातात.

हरलेल्या खटल्याने कायदा बदलल्याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातले, आता गडचिरोलीत गेलेल्या देसाईगंजचे. मार्च १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच बलात्कार झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचे दिसत नाही, म्हणजे संमती असावी, हा त्या निकालाचा तर्क. रात्री, ठाण्यात, दारे बंद करून, वर्दीतल्या माणसांपुढे सोळा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी ओरडेल तरी कोणाला, हे न्यायमूर्तींना सुचले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ८ मार्च १९८० ला शहराशहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला. मथुरेला न्याय मिळाला नाही. १९८३ मध्ये मात्र कायदा बदलला: कोठडीतला बलात्कार वेगळा, गंभीर गुन्हा झाला आणि अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे, असा पुराव्याचा नियम आला. पुढे राजस्थानातल्या भंवरीदेवींच्या प्रकरणातून १९९७ चे विशाखा निर्देश आणि त्यातून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. देशातल्या लाखो स्त्रिया आज ज्या कायद्यांचा आधार घेतात, ते या दोन स्त्रियांच्या वाट्याला आलेल्या अन्यायातून उभे राहिले. हे ऋण या पुस्तकाने नोंदवले आहे.

धर्म आणि व्यक्तिगत कायदा या प्रांतात न्यायालये नेहमीच पाऊल जपून टाकतात. त्याची मुळे मुंबईतच सापडतात. द्विभार्याबंदीच्या कायद्यावरच्या १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्यात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवले. शहाबानो यांना १९८५ मध्ये पोटगी मिळाली आणि १९८६ च्या कायद्याने ती हिरावल्यासारखी झाली. २००१ मध्ये न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की बरेचसे परत मिळाले. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लीम स्त्रियांसह मुंबईत मोर्चा काढला होता. तोंडी तलाकाविरुद्धच्या त्या मागणीतला तात्काळ तिहेरी तलाकाचा भाग न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून विद्या बाळ उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा कामी आला तो १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा, जो मुळात दलितांसाठी देवळे खुली करण्यासाठी झाला होता. आरक्षणाचा प्रवास, मंडल निकालापासून मराठा आरक्षणाच्या २०२१ च्या निकालापर्यंत, इथे एका स्वतंत्र लेखात आहे. त्याचा सारांश दोन वाक्यांत देणे त्या विषयावर अन्याय ठरेल.

या सगळ्याकडे पाहण्याच्या अभ्यासकांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. एक पंथ शब्दाला धरून चालतो. घटनेत जे लिहिले तेच, बाकीचे संसदेने पाहावे. गोपालनचे बहुमत याच वाटेने गेले. दुसरा पंथ अनुच्छेद सुटे न वाचता एकत्र वाचतो आणि त्यांच्या मागच्या मूल्यांना हात घालतो. केशवानंद, मनेका, खासगीपणा, २०१८ चा समलैंगिकतेचा निकाल ही त्याची फळे. तिसरा पंथ विचारतो की न्यायालयाचे दार ठोठावणारा कोण आहे. उपेंद्र बक्षींसारख्यांनी जनहित याचिकेत गरिबांच्या दुःखाला न्यायालयीन स्थान मिळण्याची शक्यता पाहिली, तिच्या मर्यादाही दाखवल्या. आणि चौथा, मला जवळचा वाटणारा, आंबेडकरी विचार. संविधानिक नैतिकता समाजात रुजलेली नाही, ती कमवावी लागते, असे बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते. त्या नजरेने पाहिले तर निकाल ही चळवळीला मिळालेली संधी असते, चळवळीची जागा तो घेऊ शकत नाही. या संग्रहातल्या लेखकांत चारही तऱ्हांचे लोक आहेत आणि त्यांचे आपसात पटत नाही. संपादनात हे मतभेद पुसून टाकलेले नाहीत.

आत्ताच हे पुस्तक का, याचे एक उत्तर पालघरमध्ये आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका बंदबद्दलच्या फेसबुकवरील मजकुरावरून तिथल्या दोन तरुण मुलींना अटक झाली. त्या संतापातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमाला आव्हान दिले गेले आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. त्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याच रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. २०२१ मध्ये हे समोर आले तेव्हा न्यायालयाने धक्का बसल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तालुक्याच्या ठाणे अंमलदारापर्यंत सहा वर्षांत पोहोचला नव्हता. राजद्रोहाच्या कलमाचेही तसेच. मे २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, वेगळ्या शब्दांत, त्याच जातीचे कलम १५२ आले. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली जामीन मिळणे किती दुष्कर झाले आहे, हे भीमा-कोरेगाव प्रकरणात महाराष्ट्राने जवळून पाहिले. अशा वेळी नागरिकाला निकालांची नावे पाठ असून भागत नाही. आपल्याला पकडले तर कारण विचारण्याचा, वकिलाला भेटण्याचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याचा हक्क कुठून आला आणि तो कसा राखला जातो, हे त्याला त्याच्या भाषेत माहीत असले पाहिजे.

त्याच्या भाषेत, हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तालुका न्यायालयात साक्ष मराठीत होते, उलटतपासणी मराठीत होते, शिव्याही मराठीत नोंदवल्या जातात. प्रकरण वर गेले की सारे इंग्रजीत. संझगिरींचे मराठी पुस्तक छापू द्यायचे की नाही, हा निकालही इंग्रजीत आहे. अलीकडे सर्वोच्च न्यायालय काही निकालांचे मराठी भाषांतर उपलब्ध करून देते, ही चांगली सुरुवात आहे. पण भाषांतरित निकालाने संदर्भ कळत नाही. या पुस्तकातले लेख ती जागा भरू पाहतात: माणूस कोण होता, वाद कशाचा होता, दोन्ही बाजूंनी काय म्हटले गेले, न्यायालयाने काय ठरवले, आणि मग काय झाले. कामगार हक्क, जंगल-जमिनीवरचे आदिवासींचे हक्क आणि पर्यावरण यांचे खटले इथे नाहीत. त्या प्रत्येकाला स्वतंत्र ग्रंथ लागेल आणि तो ज्यांनी त्या क्षेत्रात आयुष्य घातले त्यांनीच लिहावा.

न्या. फझल अली यांचे १९५० चे आणि न्या. खन्ना यांचे १९७६ चे भिन्न मत, तसेच महाडच्या निकालातला वहिवाटीवरचा भाग, यांचे निवडक उतारे मराठीत करून परिशिष्टात दिले आहेत. कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने आधी परिशिष्ट वाचून मग लेखांकडे वळले तरी चालेल.